रोमन वस्तूंची परीक्षा : शिरस्त्राण आणि कोल्हापूरचा निधि

१. जुन्या बाजारांत परदेशी घाटाची एखादी धातूची वस्तु दिसली कीं तिला ‘रोमन’ म्हणण्याचा मोह संग्राहकांस आवरत नाहीं. केवळ घाटावरून दिलेला असा निर्णय कितपत टिकतो, हें पाहणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

२. रोमन घोडेस्वाराचें मुखवट्याचें शिरस्त्राण हें उत्तम उदाहरण होय. इंग्लंडांत क्रॉस्बी गॅरेट येथें इ. स. २०१० मध्यें असें एक शिरस्त्राण तुकड्यांच्या रूपानें सांपडलें. अभ्यासकांची सविस्तर तपासणी होण्यापूर्वींच तें लिलावासाठीं जोडून घेण्यांत आलें आणि त्याच वर्षीं सुमारें २३ लाख पौंडांस विकलें गेलें. वस्तु अस्सल ठरली, पण जोडकामांत पुष्कळ पुरावा गेला. मागाहून त्या जागीं उत्खनन झालें, म्हणून स्थळ तरी निश्चित झालें.

३. आमच्याकडील प्रसिद्ध उदाहरण कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचें. तेथील कांस्यनिधींतील पोसायडन या सागरदेवतेची लहानशी मूर्ति सर्वश्रुत आहे. डॉ. सांकळिया व दीक्षित यांनीं १९४५-४६ मध्यें त्या टेकाडाचें उत्खनन केलें. वृत्तांत १९५२ मध्यें निघाला. मूर्ति रोमन, म्हणून सबंध निधि रोमन, असें सर्रास बोललें जातें. परंतु द प्युमा यांनीं १९९१ मध्यें एकेक वस्तु तपासून, त्यांपैकीं थोड्याच पश्चिमेकडून आलेल्या व बहुतेक इकडच्याच असल्याचें दाखविलें. आमच्या मतें हीच पद्धति योग्य. एकत्र पुरल्यानें वस्तूंचा सहवास सिद्ध होतो. कारखाना एक ठरत नाहीं.

४. उलट बाजूचें प्रमाण नेकनूरच्या दक्षिणेस, तेर येथें आहे. इ. स. ७९ मध्यें गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत १९३८ मध्यें एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. तिच्याशीं जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ति तेर व भोकरदन येथें सांपडल्या आहेत. पाँपेईनें काळाची खालची मर्यादा दिली. तेर-भोकरदननें दख्खनशीं नातें दाखविलें. दोहोंपैकीं एकच पुरावा असता तर निर्णय लंगडा राहिला असता.

५. धातुपरीक्षेवरही फाजील भिस्त नको. जुन्या रीतीनें केलेल्या पितळेंत जस्ताचें प्रमाण सामान्यतः २८ टक्क्यांच्या पलीकडे जात नसे. तें बरेंच अधिक आढळल्यास ‘रोमन’ पितळेविषयीं शंका घ्यावी. परंतु प्रमाण जुळलें एवढ्यावरून वस्तु जुनी ठरत नाहीं. कारण जुनें पितळ वितळवून नवी वस्तु ओततां येते. धातु खोटेपणा उघड करूं शकतो, खरेपणाची ग्वाही एकटा देऊं शकत नाहीं.

६. यास्तव बीड-नेकनूरकडील संग्राहकांस विनंति कीं, वस्तु हातीं येतांच चिंच-राखेनें घासूं नये. प्रथम गांव, शेत, खोली व सोबत मिळालेल्या वस्तु लिहून ठेवाव्यात आणि पुराणवस्तु खात्यास कळवावें. दप्तरांतील कागद रुमालांतून सुटा झाला म्हणजे त्याची साक्ष जशी दुबळी होते, तशीच स्थळ हरवलेल्या वस्तूची होते. तिला मग किंमत येईल, पण इतिहासांत तिला जागा मिळणें कठीण.