एका दात्याचा फरक

मोटरसायकलचं कौतुक करताना लोक सीसीवर बोलतात, पिकअपवर बोलतात, ॲव्हरेजवर तर तासभर बोलतात. चेन-स्प्रॉकेटची आठवण होते ती चेन कुरकुरायला लागल्यावर. डांबरी रस्ता आणि पांदण अशा दोन्हीकडे चालायची गाडी असेल, तर ती बनवणाऱ्याची समज मला मात्र तिथेच दिसते.

२०१६ साली आलेली रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन घ्या. पुढे १५ दाते, मागे ३८. भागाकार २.५३, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट अडीच फेरे मारतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं तर हा आकडा अंगाला बसतो. इंजिनाचा ३२ न्यूटन-मीटर जोर ४००० ते ४५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यात राहिलं की बालाघाटचे चढ गाडी गिअर न पाडता ओढून नेते.

पंचाईत होते ती मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, काळ्या रानातल्या पांदणीत. बैलगाडीच्या चाकोरीतून माणसाच्या चालीनं जायचं, तर पहिला गिअरही पळायला बघतो. मग हाफ क्लच, आणि थोड्या वेळात प्लेटांचा जळका वास. इथे पुढचा एक दाता कमी केला की भागाकार २.७१ होतो, सात टक्के फरक. एवढ्यानं गाडी क्लच सोडून, थ्रॉटलच्या नुसत्या चिमटीवर चालते. चिकट माती मडगार्डात भरून चाकच जाम झालं, तर अर्थात कुठलाही आकडा कामाचा नाही. काडी घेऊन माती उकरायची.

पण मूळच्या १५ मध्ये एक बारीक सौंदर्य आहे, ते १४ मध्ये हरवतं. चेनमध्ये आतली कडी आणि बाहेरची कडी आळीपाळीनं येते. झीज होते पिनेपाशी, त्यामुळे लांबते ती बाहेरची कडी. आतली जवळपास आहे तशीच राहते. दात्यांची संख्या विषम असली, तर एका फेऱ्याला आतली कडी भेटलेल्या दात्याला पुढच्या फेऱ्याला बाहेरची भेटते. मार सगळ्यांत वाटला जातो. संख्या सम झाली की ठरावीक दात्यांच्या नशिबी कायम ठरावीक कडीच. मागचं ३८ समच आहे, हे खरं. पण ते मोठं आणि सावकाश फिरणारं. अडीचपट फिरणाऱ्या लहान स्प्रॉकेटवर विषम आकडा ठेवणाऱ्याला माझी दाद आहे.

शुद्ध मार्ग हवा असेल तर पुढे १५ तसंच ठेवून मागे ४१ बसवावं. भागाकार २.७३, म्हणजे जवळपास तेवढाच जोर, आणि चेनला पुढे अधिक आवळून वळावंही लागत नाही. फक्त एकेका दात्यामागे मागचा एक्सल सुमारे चार मिलिमीटर पुढे सरकतो. तीन दात्यांना बारा मिलिमीटर झाले. तेवढी जागा खाचेत नसेल तर चेन लांब घ्यावी लागते. पुढचं स्प्रॉकेट बदलणं त्या मानानं सोपं. म्हणून शेतात रोज जाणाऱ्यानं पावसाळ्यापुरतं १४ लावावं आणि दसऱ्याला १५ परत चढवावं, असं मी म्हणेन. चेन मात्र निम्मी झिजलेली नको, नाहीतर ती नवं स्प्रॉकेट खाऊन टाकते.

हायवेची हौस असणारे पुढे १६ बसवतात. ते मला पटत नाही. ज्या वेगाला इंजिन ४००० फेरे मारत होतं तिथे ३७५० उरतात, आणि गाडी जोराच्या पट्ट्याखाली येते. मोकळ्या माळावर समोरून वारा आला की पाचवा गिअर नुसता नावाला. खिशातले पैसे घालून चौथ्यातच चालायचं असेल, तर मूळचं १५ काय वाईट होतं?