लालसरपणा कोणाच्या त्वचेचा? त्वचारोगांच्या लक्षणलेखनाची चिकित्सा

प्रस्तुत लेखात मराठी आरोग्यविषयक लेखनातील त्वचारोगांच्या लक्षणवर्णनाचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे. 'त्वचेवर लाल चट्टे उठतात' हे वाक्य सोरायसिस, इसब आदी दाहक विकारांच्या वर्णनात सर्रास आढळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु ज्या त्वचेचे ते वर्णन करते, ती बहुसंख्य मराठी वाचकांची त्वचा नव्हे.

दाह होतो तेव्हा त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात. गोऱ्या त्वचेतून हे वाढलेले रक्त लाल दिसते. मेलॅनिन अधिक असलेल्या त्वचेत तोच दाह जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो. सोरायसिसच्या काळपट चट्ट्यावर राखाडी खपली धरते. साहजिकच 'लाल' शोधणाऱ्या रुग्णाला आपला आजार नुसता डाग वाटतो. ही अडचण केवळ रुग्णाची नाही. सोरायसिसची तीव्रता मोजण्यासाठी १९७८ मध्ये मांडलेला 'पासी' हा निर्देशांक लालीलाही गुण देतो. लाली नीट दिसलीच नाही, तर आजार कागदावर सौम्य ठरण्याचा धोका राहतो.

वस्तुतः येथे मराठी शब्दसंपत्ती तोकडी नाही. खरखरीत, निबर, चरचरणे, ऊन लागणे, कोंडा सुटणे, लस वाहणे ही स्पर्शाची आणि स्रावाची भाषा घराघरांत आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगताना वर्णाबरोबरच रुक्षता, कंडू व स्राव यांचीही नोंद केली आहे. 'कपाल' हा प्रकार तर खापरीवरून ओळखला जातो. (ते अठरा प्रकार आजच्या निदानांशी एकास एक जुळवण्याचा हौशी खटाटोप मात्र टाळलेला बरा.) अनुवादित आरोग्यलेखनाने ही भाषा बाजूला ठेवून रंगाचा एकच शब्द उचलला, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

कर्करोगाच्या बाबतीत हा प्रश्न जिवावर बेततो. मेलॅनोमा ओळखण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठातील फ्रीडमन, रिगेल व कॉफ यांनी १९८५ मध्ये 'ए-बी-सी-डी' हा नियम मांडला: तिळाची विषमता, वेड्यावाकड्या कडा, रंगांतील फरक आणि सहा मिलिमीटरहून अधिक व्यास. २००४ मध्ये त्यात तिळात होत जाणाऱ्या बदलाचा 'ई' जोडला गेला. नियम उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि गडद त्वचेच्या लोकांत हा कर्करोग मुळात कमी होतो आणि झाल्यास त्याचा मोठा वाटा तळपाय, तळहात व नखाखालच्या जागेत आढळतो. नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ किंवा तळव्यावरची न भरणारी जखम 'तीळ' या शब्दात बसत नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावरील मेलॅनोमाचे निदान १९७७ मध्ये झाले. तोवर ती फुटबॉलची दुखापत समजली गेली होती. १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यंत्राने हा दोष दूर होईल, ही अपेक्षाही तपासून पाहावी लागते. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या संशोधनात १,२९,४५० छायाचित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली एकवीस त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. पुढे २०२२ मध्ये विविध वर्णांच्या त्वचेच्या ६५६ छायाचित्रांवर अशा काही प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली. शिकवणीच्या चित्रांत जी त्वचा विरळ, ती यंत्रालाही अनोळखीच राहणार.

याउलट एक उदाहरण मुंबईचे आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय वापर-सवयींशी निगडित कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कमरेला धोतर घट्ट कसून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन होते. साडीच्या परकराच्या नाडीखाली होणाऱ्या अशाच कर्करोगाच्या नोंदी पुढे झाल्या. तेथे लक्षण परक्या पाठ्यपुस्तकातून आलेले नव्हते. समोरच्या माणसाच्या कमरेवरचा वळ पाहून ते लिहिले गेले होते. नाडीखालची रंग बदललेली, जाड झालेली, खाजणारी कातडी वर्षानुवर्षे तशीच असते, पुढे तेथे जखम होते आणि ती भरत नाही. मराठी पत्रकांतील लक्षणांच्या यादीत या वळाला अद्याप जागा मिळायची आहे.