जांभई : उमलणारा शब्द

‘जांभई’ हा शब्द आपण एकदा सावकाश उच्चारून पाहू. ‘जां’ म्हणताना जबडा खाली उतरतो आणि स्वर नाकात घुमू लागतो, ‘भ’पाशी ओठ क्षणभर मिटून त्या महाप्राण वर्णाचा ऊबदार श्वास बाहेर सोडतात, आणि मग उरते ती ‘ई’, हवी तितकी लांबवावी अशी. एवढ्यात खरीच जांभई आली, तर ती खुशाल येऊ द्यावी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे 13 वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत भूक, तहान, अश्रू आणि झोप यांच्या पंगतीला जांभईही सन्मानाने बसली आहे.

या शब्दाचे मूळ संस्कृतातल्या ‘जृम्भ्’ धातूत आहे, आणि तिथे तर अर्थांची केवढी श्रीमंती! तोंड उघडणे हा त्याचा एक अर्थ. पण कळीचे उमलणे, एखाद्या गोष्टीचे विस्तारत जाणे, ताणलेले धनुष्य सैल पडणे, हे सारे याच धातूच्या पोटात. मला या अर्थांतला धनुष्याचा अर्थ विशेष मोहवतो, कारण दिवसभर ताणलेल्या देहाची प्रत्यंचा उतरते ती नेमकी अशीच. महाभारताच्या उद्योगपर्वात शल्य युधिष्ठिराला सांगतो त्या कथेत वृत्र इंद्राला गिळून टाकतो, तेव्हा देव शस्त्र उचलत नाहीत. ते जृम्भिका, म्हणजे जांभई, निर्माण करतात. वृत्राचे तोंड उघडते, आणि इंद्र अंग आक्रसून अलगद बाहेर येतो. तेव्हापासून जांभई प्राणिमात्राच्या ठायी राहिली, असे ती कथा सांगते.

मराठीने या शब्दाला क्रियापदही किती मनोहर दिले! जांभई ‘येते’ आणि ती आपण ‘देतो’. आळस देतो, ढेकर देतो, तशीच. आपल्या हाती नसलेली गोष्टही दिल्यासारखी करावी, ही या भाषेची दानत. उलट जिथे उघड्या तोंडाचे भय दाखवायचे असते, तिथे आपण जांभईला हातही लावत नाही. दरी, संकट, उद्याचा प्रश्न, हे सारे ‘आ वासून’ उभे राहतात. वासलेला ‘आ’ गिळायला येतो. जांभईने गिळलेला इंद्र परत दिला.

म्हणूनच मला वाटते, ‘जृम्भ्’चा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर तान्ह्या बाळाची जांभई पाहावी. आधी मुठी आवळल्या जातात, कपाळावर आठी येते, मग ते बोळके तोंड गोल होत होत एवढे उघडते की साऱ्या चेहऱ्यात दुसरे काही उरतच नाही, आतली गुलाबी टाळू दिसते, इवलीशी जीभ थरथरते; आणि आजी, हातातले निवडायचे ताट तसेच बाजूला सारून, त्या तोंडासमोर हलकेच चुटकी वाजवते.