सावित्रीवरील पूल व भुतांच्या दंतकथा

जुन्या पुलांवर भुतें नांदतात, पाया धरावा म्हणून नरबळी दिलेला असतो, या कथा कोंकणांत नव्या नाहींत. महाडजवळील सावित्रीच्या पुलास त्या लावावयाच्या, तर आधीं त्यांची परीक्षा झाली पाहिजे. इंग्रजी अमदानीचा पूल म्हणजे लोखंडीच असा समज असतो. हा १९२८ चा पूल दगडी कमानींचा होता. शिवाय भूत लोखंडास भितें, या समजुतीनेंच बाळंतिणीच्या उशाशीं कोयता ठेवीत. तेव्हां लोखंडी पुलावर भूत बसविणारे आपलेंच शास्त्र मोडतात! नरबळीच्या कथेंत तर बळीचें नांव नाहीं, गांव नाहीं, साल नाहीं; आणि तीच कथा थोड्याफार फरकानें दहा पुलांविषयीं ऐकूं येते. याच्या उलट २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत पूल कोसळला, दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें प्रवाहांत गेलीं, एक प्रेत थेट अंजर्ल्याच्या किनाऱ्यास लागलें, हें सर्व मिति-स्थळांसह नमूद आहे. नदीच्या कोपाची वा भुताची कथा स्वीकारली, कीं ८८ वर्षांच्या पुलावरून ऐन पुरांत वाहतूक कां चालू होती, हा प्रश्न विचारावयास जागाच उरत नाहीं. म्हणून पुरावा या नात्यानें ती आम्ही त्याज्य समजतों. नवा पूल ५ जून २०१७ रोजीं खुला झाला.