प्रक्षेपण चाचण्या : मन कोणाचे, अर्थ कोणाचा?

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत प्रक्षेपण चाचण्यांचे प्रकरण मोठ्या भाविकतेने लिहिलेले असते. माणसापुढे शाईचा अर्थहीन डाग ठेवा, संदिग्ध चित्र ठेवा. तो त्यात आपले अंतर्मन ओतील आणि जाणकार ते वाचील, असा हा विश्वास. हे प्रकरण मी दरवर्षी शिकवतो. समोर बसलेल्यांत निम्मेअधिक माझ्यासारखेच, घरातले पहिले शिकणारे. त्यांच्यापैकी कोणी सैन्यात अधिकारी व्हायचे ठरवले, तर निवड मंडळापुढे त्याला चित्रांवरून गोष्टी लिहाव्या लागतील, ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत वाक्ये लिहावी लागतील. त्या लिखाणाचा अर्थ कोणीतरी लावणार आहे. तेव्हा या चाचण्यांची शास्त्रीयता हा केवळ विद्यापीठीय वाद नव्हे.

हेन्री मरे व क्रिस्टियाना मॉर्गन यांनी १९३५ साली मांडलेली थिमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट घ्या. तिच्या पहिल्या चित्रात एक मुलगा टेबलावरच्या व्हायोलिनकडे पाहत बसला आहे. मुलगा मेहनत करतो, मोठा वादक होतो, अशी गोष्ट लिहिली की लिहिणाऱ्याच्या ठायी कर्तृत्वाची ओढ आहे असे मानतात. मी वर्गात हे चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगितली. एका मातंग घरातल्या विद्यार्थ्याच्या गोष्टीतला मुलगा वाद्याला हात लावत नाही. आजा-बापाने गावच्या लग्नात, जत्रेत, दुसऱ्याच्या दारात वाजवले आणि शिळ्या भाकरीवर दिवस काढले. हा मुलगा वाद्य तिथेच ठेवून शाळेत निघून जातो. रूढ पद्धतीने वाचणारा काय लिहील? ध्येयाचा अभाव, कामापासून पलायन. गावकीची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश ज्याला ठाऊक आहे, तो याच गोष्टीत मोठी महत्त्वाकांक्षा वाचील. कागद एक, गोष्ट एक. फरक वाचणाऱ्यात आहे. मग प्रक्षेपण नेमके कोणाचे झाले?

हा माझा तर्क आहे. एका वर्गातल्या एका गोष्टीवरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण वाचणाराच अर्थ ओततो याचा पुरावा अमेरिकेत १९६७ सालीच मिळाला होता. माणसाचे चित्र काढायला लावून स्वभाव ओळखण्याची एक चाचणी आहे. संशयी माणूस डोळे वेगळे काढतो, असे ती वापरणारे तज्ज्ञ अनुभवाच्या बळावर सांगत. लॉरेन व जीन चॅपमन यांनी चाचणीची गंधवार्ता नसलेल्या विद्यार्थ्यांना चित्रे दाखवली आणि त्यांवर लक्षणे वाटेल तशी जोडून दिली. चित्र आणि लक्षण यांत संबंध नव्हताच. तरी विद्यार्थ्यांना तेच संबंध ‘दिसले’, जे तज्ज्ञांना दिसत होते! संशय म्हटला की डोळा आठवतो, एवढेच या अनुभवाचे भांडवल. लोकसमजुतीला पदवी मिळाली की तिला निदान म्हणतात.

हर्मन रोर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली दहा डाग प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. उत्तरांना गुण देण्याच्या पद्धती नंतर अनेक झाल्या. जॉन एक्स्नर याने १९७४ पासून त्या एकत्र बांधून प्रमाणके दिली, तेव्हा शास्त्र पक्के झाले असे अनेकांना वाटले. पण १९९९ साली कॅलिफोर्नियातील १२३ धडधाकट माणसांची उत्तरे प्रसिद्ध झाली, तेव्हा या प्रमाणकांच्या मापाने त्यांतली बरीच माणसे विकारग्रस्त ठरत होती. जे माप कॅलिफोर्नियातल्या माणसालाच पुरले नाही, ते पारधी तांड्यावरच्या पोराला लावायचे कोणत्या आधारावर? (त्याच्या पूर्वजांचा स्वभाव तर १८७१ च्या कायद्याने चाचणीवाचूनच ठरवून टाकला होता.)

सगळे टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. विचारांतील विस्कळीतपणा ओळखण्यात रोर्शाकची काही मापे उपयोगी पडतात, हे २००० साली लिलियनफेल्ड, वुड व गार्ब या टीकाकारांनीही मान्य केले. २०१३ च्या मोठ्या आढाव्यातही ते दिसले. गोष्टींतून कर्तृत्वाची ओढ मोजण्याच्या ठरीव पद्धतीलाही थोडा आधार आहे. मात्र हा आधार त्या त्या मापाचा आहे. तज्ज्ञाने गोष्ट वाचून ‘मला असे जाणवते’ म्हणावे, याला तो मिळत नाही, आणि व्यवहारात बहुधा तेच चालते.

भारतीयीकरण हे यावरचे उत्तर म्हणून सांगितले जाते. उमा चौधरी यांनी टॅटची भारतीय आवृत्ती केली, ते काम महत्त्वाचेच होते. परंतु चित्रातल्या माणसाला भारतीय पेहराव दिल्याने वाचणाऱ्याची नजर बदलत नाही. भारतीय घर म्हणजे कोणाचे घर, वाडा की वस्ती? भारतीय बाप म्हणजे कोणता बाप, हुकूम देणारा की ऐकणारा? प्रमाणके कोणत्या माणसांवरून काढली, दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट वाचली तर मत जुळते का, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचे आडनाव दिसते का, हे तीन प्रश्न मी आता प्रकरणाच्या आरंभीच फळ्यावर लिहितो. परीक्षेत ते येत नाहीत.