जिभेचे विश्रांतिस्थान : मुखस्नायू-उपचाराच्या मराठी मांडणीची चिकित्सा

जीभ, ओठ व मृदुतालू यांच्या स्नायूंना विशिष्ट व्यायाम देऊन बालकांची झोप सुधारण्याची एक पद्धती अलीकडे आपल्याकडे परिचित होऊ लागली आहे. 'मायोफंक्शनल थेरपी' या नावाने ती ओळखली जाते; प्रस्तुत टिपणात तिला 'मुखस्नायू-उपचार' असे म्हटले आहे. विषय वैद्यकाचा असता भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या उपचाराची साधने ही ध्वनिविचाराचीच सामग्री होय, आणि त्यातील प्रत्येक सूचना बालकाला व पालकाला भाषेतूनच द्यावी लागते. सूचना चुकली की उपचारही चुकतो.

या टिपणाला निमित्त झाले ते एका पत्रकाचे. आमच्या एका सहकाऱ्यांची सहा वर्षांची कन्या रात्री घोरते व तोंड उघडे ठेवून झोपते. तिच्यासाठी त्यांना जे मराठी पत्रक मिळाले, ते इंग्रजीवरून उतरविलेले होते हे उघड दिसत होते. त्यात दोन विधाने होती. एक, शुद्ध उच्चारांच्या सरावाने झोप सुधारते. दोन, 'ट' म्हणताना जीभ जेथे टेकते तेथे ती दिवसभर टेकवून ठेवावी. या दोन्ही विधानांची तपासणी करणे अगत्याचे वाटते.

प्रथम या व्याधीचे स्वरूप पाहू. जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत त्यांचा ताण उतरतो, आणि टॉन्सिल किंवा नाकामागील ॲडेनॉइड वाढलेले असल्यास आधीच अरुंद असलेला मार्ग वारंवार अडतो. १९७६ साली क्रिस्तियाँ गियमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ बालकांच्या निरीक्षणावरून या श्वासरोधाचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रौढांप्रमाणे अशी मुले दिवसा पेंगतीलच असे नाही. ती पुष्कळदा चिडखोर, चंचल व अभ्यासात लक्ष न लागणारी दिसतात. आपल्या बोलीत मात्र घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानले जाते. 'मूल डाराडूर घोरते आहे' असे आई कौतुकाने सांगते, तेव्हा व्याधीचे लक्षण तिच्या शब्दांतच झाकले जाते.

आता पहिले विधान. शुद्ध उच्चार व शांत झोप यांचा असा थेट संबंध या उपचारात अभिप्रेतच नाही. उच्चार ही क्षणिक क्रिया आहे. जीभ एका स्थानी टेकते आणि लगेच सुटते. उपचाराचे साध्य याच्या उलट आहे. बोलणे, गिळणे व चावणे यांपैकी काहीही चालू नसताना जीभ टाळूला लागून असावी, ओठ मिटलेले असावेत व श्वास नाकाने चालावा, ही विश्रांतीची सवय त्यात जडवावयाची असते. उच्चारांचा उपयोग होतो तो केवळ स्नायूंचा व्यायाम म्हणून. कातिया गिमारैस यांनी ब्राझीलमध्ये प्रौढ रुग्णांवर केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वरांचा उच्चार तुटकपणे व लांबवून करावयास लावला होता. परंतु तेथे हेतू मृदुतालू उचलण्याचा होता, उच्चारशुद्धीचा नव्हता. ज्या मुलाचे सर्व वर्ण निर्दोष आहेत तेही रात्री घोरू शकते, आणि बोबडे मूल शांत झोपू शकते. साधनालाच साध्य समजणे हा पत्रकाचा पहिला दोष होय.

दुसरा दोष लहान दिसतो, पण त्याचा परिणाम अधिक होतो. इंग्रजीतील 'टी' या वर्णाचा उच्चार वर्त्स्य आहे; जिभेचे टोक वरच्या दातांमागील उंचवट्याला टेकते. म्हणूनच इंग्रजी पुस्तकांत जिभेचे विश्रांतिस्थान त्या वर्णाच्या आधाराने सांगितलेले आढळते. मराठीत आपण त्या वर्णाला 'ट' हे अक्षर देतो, कारण इंग्रजी शब्द उसने घेताना आपल्या कानाला तेच जवळचे वाटते. परंतु मराठी 'ट' मूर्धन्य आहे. तो म्हणताना जिभेचे टोक वर्त्साच्या मागे, वळून टाळूकडे जाते. 'त' घ्यावा तर टोक दातांवर येते, आणि तेही इष्ट नाही. कारण विश्रांतीत जिभेने दात ढकलू नयेत अशी अपेक्षा असते. स्थान व प्रयत्न यांचा विवेक आपल्या शिक्षाग्रंथांनी पूर्वीच केला आहे. त्याची आठवण ठेवली असती तर अक्षराला अक्षर देऊन ही सूचना भाषांतरित झाली नसती.

मराठी बालकाला जवळचा वर्ण 'न' हा होय. 'न' उच्चारताना जिभेचे टोक सामान्यतः वर्त्साला टेकते, कडा वरच्या दाढांच्या आतल्या बाजूस लागतात, मृदुतालू खाली येतो व हवा नाकावाटे जाते. 'न' लांबवावा, आवाज थांबवावा, जीभ तेथेच ठेवून ओठ मिटावेत, आणि श्वास नाकाने चालू द्यावा. एवढ्याने मुलाला स्थान कळते. जिभेचा मधला भाग टाळूला चिकटविण्यासाठी घोड्याच्या टापांचा आवाज काढण्याचा खेळ पुरेसा आहे. त्यासाठी वर्णमालेत चिन्ह शोधण्याचे कारण नाही.

सूचना अचूक झाली तरी फळ किती, हा प्रश्न उरतोच. २०१५ साली मकारियो कामाचो व इतरांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात बालकांमधील श्वासरोधाचा निर्देशांक सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसते. हा आकडा वारंवार उद्धृत होतो; पण तो केवळ दोन अभ्यासांतील २५ बालकांवर आधारलेला आहे, हे सांगितले जात नाही. त्याच वर्षी रोम येथील मारिया पिया व्हिला यांच्या गटाने शस्त्रक्रियेनंतरही श्वासरोध उरलेल्या २७ बालकांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत दोन महिन्यांच्या व्यायामाने लाभ दिसला. ही चाचणी तुलनागटासह केलेली असल्याने तिला अधिक वजन द्यावयास हवे. मात्र तिचा निष्कर्ष शस्त्रक्रियेला पूरक म्हणून आहे, पर्याय म्हणून नाही.

तुलनागटाचे महत्त्व किती, हे अमेरिकेत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीवरून कळते. तीत पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुले होती. सात महिन्यांनंतर, टॉन्सिल व ॲडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांचे झोपेतील श्वसन प्राकृत झाले. पण शस्त्रक्रिया न करता ज्यांच्यावर केवळ लक्ष ठेवले होते, त्यांच्यापैकीही ४६ टक्के मुलांचे झाले. म्हणजे काळ हाही येथे एक वैद्यच आहे. अशा स्थितीत 'व्यायामापूर्वी' व 'व्यायामानंतर' एवढेच सांगणारा दाखला पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

यावरून हा उपचार टाकाऊ ठरतो असे मात्र नव्हे. तो निरुपद्रवी आहे, खर्चिक नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर मागे उरणारी तोंडाने श्वास घेण्याची सवय मोडण्यास त्याचे साहाय्य होण्याचा संभव आहे. धोका आहे तो त्याच्या भलत्या जागी केलेल्या योजनेत. ज्या मुलाचे नाकच चोंदलेले आहे, त्याला 'ओठ मीट' असे बजावणे हा उपचार नव्हे, जाच होय. आधी नाक, टॉन्सिल व ॲडेनॉइड यांची तपासणी, आवश्यक तेथे रात्रीचे निद्रापरीक्षण, आणि मग व्यायाम, हाच क्रम योग्य.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही पत्रकातील 'ट' खोडून तेथे 'न' लिहून दिला, आणि मुलीला प्रथम कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे नेण्यास सांगितले. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचा अधिकार त्या एका अक्षरापुरताच आहे. परंतु अशी पत्रके मराठीत यापुढेही निघत राहतील, आणि ती छापण्यापूर्वी ध्वनिविचार जाणणाऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जावीत, एवढी अपेक्षा आमच्या विभागांनी बाळगावयास हवी. मुलाच्या तोंडात जीभ नेमकी कोठे ठेवावयाची हे सांगणे ज्या शास्त्राचे काम आहे, त्याने या प्रसंगी मौन पाळणे बरे नव्हे.