शालेय परीक्षेचे गुण आणि महाविद्यालयीन श्रेयांक : अमेरिकेतील 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

शाळेत जे शिकून झाले तेच महाविद्यालयात पुन्हा का शिकावे? अमेरिकेत या प्रश्नाला 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' अर्थात ए.पी. परीक्षेने उत्तर दिले. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकतो, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा देतो आणि १ ते ५ या श्रेणीत गुण मिळवतो. ३ किंवा अधिक गुणांवर अनेक विद्यापीठे त्यास प्रास्ताविक अभ्यासक्रमातून सूट देतात व त्याचे श्रेयांकही बहाल करतात. सूट आणि श्रेयांक या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत हाच या पद्धतीतील मूळ दोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी :

या योजनेचा उगम १९५० च्या दशकारंभी झाला. तीन नामांकित खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही विद्यापीठे यांनी मिळून केलेल्या अभ्यासात हुशार विद्यार्थ्यांना शाळा व महाविद्यालय यांत तोच भाग दोनदा शिकावा लागतो, असे आढळले. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने ही योजना हाती घेतली. 'प्लेसमेंट' म्हणजे योग्य वर्गात बसविणे. विद्यार्थ्याचा वेळ वाया जाऊ नये, एवढाच तिचा माफक हेतू होता. पुढे शिक्षणशुल्क वाढत गेले, तसा या गुणांना पैशाचा भाव आला. पुरेसे श्रेयांक आधीच जमा असतील तर एखाद्या सत्राचे शुल्क वाचते. वर्गनिश्चितीचे साधन अशा रीतीने बचतीचे साधन बनले.

डार्टमथचा प्रयोग :

डार्टमथ महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाने ए.पी. मध्ये सर्वोच्च म्हणजे ५ गुण मिळविलेल्या शंभराहून अधिक नवागतांना आपल्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेची संक्षिप्त आवृत्ती सोडविण्यास दिली. त्यांपैकी ९० टक्के अनुत्तीर्ण झाले. २०१३ मध्ये या महाविद्यालयाने ए.पी. गुणांवर श्रेयांक देणे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कॉलेज बोर्डाने या निष्कर्षास आक्षेप घेतला.

हा प्रयोग ए.पी. च्या विरोधातील निर्णायक पुरावा म्हणून सांगितला जातो, तथापि तो तसा नाही. ज्यांनी तोच अभ्यासक्रम डार्टमथमध्ये पूर्ण केला, त्यांची काही महिन्यांनी पूर्वतयारीविना परीक्षा घेतली असती तर त्यांपैकी किती उत्तीर्ण झाले असते? ही तुलना केल्याखेरीज दोष शाळेचा, परीक्षेचा की मानवी विस्मरणाचा, हे ठरत नाही. एक गोष्ट मात्र त्यातून निश्चित दिसते : ५ गुण ही मे महिन्यातील एका दिवसाची साक्ष आहे.

परीक्षा काय मोजते ?

ए.पी. ची प्रश्नपत्रिका केवळ पाठांतरावर आधारलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. इतिहास विषयात साधनांवर आधारित निबंध लिहावा लागतो. परंतु ती साधने निवडून विद्यार्थ्याच्या हाती दिलेली असतात. साधन शोधणे, त्याबद्दल वर्गात वाद घालणे, पहिला मसुदा परत मिळाल्यावर तो नव्याने लिहिणे हे प्रास्ताविक अभ्यासक्रमातले खरे काम, आणि ते काही तासांच्या परीक्षेत मावत नाही.

प्रस्तुत लेखक प्रथम वर्ष कला वर्गास इतिहास शिकवतो. बारावीस उत्तम गुण मिळविलेले विद्यार्थी १८५७ च्या उठावाची कारणे क्रमवार सांगतात. पण दोन साधने परस्परविरोधी माहिती देत असतील तर काय करावे, असे विचारले की, "सर, परीक्षेत यातले कोणते लिहायचे?" असा प्रतिप्रश्न येतो. या प्रश्नापासून जेथे सुरुवात होते तो वर्ग टाळता येण्याजोगा नाही.

न्यायाचा प्रश्न :

दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे. श्रेयांक नाकारणे श्रीमंत खाजगी संस्थांना परवडते. सार्वजनिक विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्यास वाचलेले सत्र म्हणजे न काढावे लागलेले कर्ज असते. म्हणूनच इलिनॉय राज्याने २०१५ मध्ये कायदा करून सार्वजनिक संस्थांना ३ गुणांवर श्रेयांक देणे बंधनकारक केले. मात्र सर्व शाळांत ए.पी. चे वर्ग सारखे उपलब्ध नाहीत. परिणामी ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती संधी कमी मिळते. शिवाय '३' चा अर्थही स्थिर नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या इतिहासासह काही विषयांत गुणनिश्चितीची पद्धत बदलली आणि ३ वा अधिक गुण मिळविणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढले. कायद्यातील आकडा तोच राहिला, त्यामागील मोजमाप बदलले.

निष्कर्ष :

१. शालेय गुणांचा उपयोग विद्यार्थ्यास वरच्या वर्गात बसविण्यासाठी अवश्य करावा. तसे करताना विभागाने स्वतःची छोटी चाचणी घ्यावी.

२. ज्या विषयात प्रयोगशाळा, लेखन वा साधनांचा शोध हा गाभा आहे, तेथे केवळ गुणांवर श्रेयांक देऊ नयेत.

३. शुल्काचा बोजा हा शुल्ककपातीने व शिष्यवृत्तीनेच हलका करावा. अभ्यासक्रम वगळणे हा त्यावरील उपाय नव्हे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांनी भारतातही शालेय व उच्च शिक्षण एकाच श्रेयांक-व्यवस्थेत आणले आहे. तेव्हा आपल्या विद्यापीठांनीही हा भेद आरंभीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे.